पेन्सिल बाजूला ठेवली आणि फुलवाती हातात दिल्या: सव्वाचार वर्षांच्या ओमची केस

ही केस लिहायची परवानगी मुलाच्या आईबाबांनी दिलीये. नाव बदललंय, ओळख पटेल असे दोन-तीन तपशीलही बदललेत, बाकी जे घडलं ते तसंच लिहितेय. मी सांगलीत गेली १४ वर्षं बालवाडीत शिकवते. ओम माझ्या बालवाडीतला नाही, आमच्या गल्लीतला आहे, सकाळी दुसऱ्या एका शाळेत ज्युनियर केजीला जातो.

पार्श्वभूमी

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ओमची आई घरी आली, हातात शाळेची डायरी. डायरीत लाल पेनाने लिहिलेलं की रायटिंग वीक आहे, घरी रोज प्रॅक्टिस घ्या. ती म्हणाली, "ताई, ह्याची ट्यूशन घ्याल का, तुमचं तरी ऐकेल." सव्वाचार वर्षाच्या पोराची ट्यूशन. मला आधी रागच आला पण तिच्या चेहऱ्याकडे बघून गप्प बसले, कारण ती खरंच घाबरलेली होती. शेजारची ओमच्याच वयाची मुलगी ए टू झेड लिहिते आणि हा पेन्सिल दिसली की टेबलाखाली जाऊन बसतो.

घरात आई, बाबा, आजी आणि ओम. बाबा कुपवाड एमआयडीसीत शिफ्टला जातात. आई घरीच ब्लाउज शिवते, सणाच्या दिवसात तिला मान वर करायला वेळ नसतो. त्यामुळे ओम दिवसभर आजींजवळ. आजी भरवतात, आजी कपडे घालतात, बूट आजीच घालतात, जेवताना मोबाईल असतो. आजी प्रेमापोटी करतात, आणि घाईच्या घरात मुलाने स्वतः बटण लावेपर्यंत थांबायला कुणाकडे ५ मिनिटं नसतात, हे मी माझ्या मुलाच्या वेळी स्वतः अनुभवलंय. म्हणून ह्यात कुणाला दोष द्यायचा नाहीये.

अडचण नेमकी काय होती

मी ट्यूशनला नाही म्हटलं, पण दोन रविवार त्यांच्या घरी जाऊन नुसती बसले. वही-पेन्सिल काढायची नाही असं आधीच सांगून ठेवलं.

जे दिसलं ते असं. ओम खडू मुठीत धरतो, आख्खा हात खांद्यापासून हलवून रेघा मारतो. गोल काढतो पण तोंड जुळत नाही, अधिकच्या चिन्हासारख्या दोन आडव्या-उभ्या रेघा जमत नाहीत. कागद फाडायला दिला तर दोन्ही हातांनी एकाच दिशेला ओढतो, मग फाटत नाही आणि चिडतो. बाटलीचं झाकण उघडत नाही, शर्टाचं एकही बटण निघत नाही. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं म्हणजे तो बसलाच की डोकं हातावर टेकवून बसतो, जमिनीवर तर पोटावर लोळतोच. मी त्याचे पाय धरून त्याला हातांवर चालायला लावलं, तो आपला हातगाडीचा खेळ असतो ना तो, तर तिसऱ्या पावलाला कोपर दुमडले.

म्हणजे प्रश्न बोटांचा नव्हताच, निदान फक्त बोटांचा तरी नव्हता. खांदा स्थिर नसेल तर मनगट मोकळं होत नाही, मनगट लुळं असेल तर बोटं बिचारी काय करणार. मनगटात ८ छोटी हाडं असतात, जन्माच्या वेळी ती जवळजवळ सगळी मऊ कूर्चाच असते आणि हाड तयार होत होत ८-१० वर्षं, काहींचं त्याहून जास्त चालतं. चार वर्षाच्या मुलाकडून आपण जे चार रेघांच्या वहीत बारीक अक्षर मागतो ते असल्या अर्धवट तयार हाताकडून मागतो. ह्या वयात अंगठा आणि बोटांमध्ये खडू धरता यावा, काही बटणं काढता यावीत एवढीच अपेक्षा असते. ओम त्याच्याही थोडा मागे होता हे मात्र खरं, ते मी आईला स्पष्ट सांगितलं.

काय काय पर्याय होते

पहिला पर्याय शाळेचा, रोज दोन पानं गिरवणं. आईने तो महिनाभर करून बघितलेला, तीन बाजूंची जाड पेन्सिल आणली, पेन्सिलला लावायचं रबराचं ग्रिप आणलं, आणि परिणाम म्हणजे टेबलाखाली जाणं. हा पर्याय मी पहिल्याच दिवशी बंद केला.

दुसरा, ऑनलाइन मिळणारा लाकडी बोर्ड, त्यावर चेन, बक्कल, कड्या, नाडी असं सगळं एकत्र. आईच्या मोबाईलमध्ये कार्टमध्ये तयारच होता, दीड हजाराच्या घरात. वाईट वस्तू नाही ती. पण ज्या घरात शिलाई मशीन आहे, हुकं, बटणं, चेन, नाड्या, चिंध्या यांचा डबा भरलेला आहे तिथे हुक लावायला शिकायला दीड हजार घालवायचे हे मला पटेना.

तिसरा, थेट थेरपिस्ट, म्हणजे मुलांच्या हातांच्या हालचालींवर काम करणारे तज्ज्ञ. ह्यावर मी आणि ओमचे बाबा बराच वेळ बोललो. मी म्हटलं आधी मुलांच्या डॉक्टरांना दाखवा, डोळे तपासा, मग ठरवू. इथे माझ्याकडून ढिलाई झाली, मी "बघा जमलं तर" अशा सुरात सांगितलं आणि ते सप्टेंबर उजाडेपर्यंत गेलेच नाहीत. डॉक्टरांनी तपासलं, हातापायांची ताकद, ताण, नजर सगळं ठीक, तीन महिने घरी करून बघा आणि परत या म्हणाले. नशिबाने ठीक निघालं. एक हात मूल वापरतच नसेल, हात थरथरत असेल, आधी येणारी गोष्ट आता येत नसेल, सारखं पडत असेल, किंवा वर्षाच्या आतलं बाळ एकच हात पुढे करत असेल तर घरगुती खेळ करत वेळ घालवायचा नसतो, आधी डॉक्टर. खर्चाची अडचण असेल तर २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, अंगणवाडी आणि सरकारी शाळेतल्या मुलांची त्यात तपासणी होते, विकासातला उशीरही त्यात बघतात आणि गरज असेल तर पुढे जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवतात. अंगणवाडी ताईला विचारलं की ती सांगते.

चौथा पर्याय, घरातलीच कामं. आम्ही हा घेतला. ह्यात माझं नवीन काही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं तेव्हा महागडी साधनं परवडणारी नव्हतीच, शंख-शिंपले, खडे, पानं, बिया हेच साधन झालं. आमच्या ट्रेनिंगला हे शिकवलेलं आणि मी परीक्षेपुरतं पाठ केलेलं, त्यात किती तथ्य आहे ते नोकरीत कळलं.

सुरुवात, आणि फसलेलं टाइमटेबल

पहिली चूक मी लगेच केली. छान रंगीत टाइमटेबल करून फ्रीजवर चिकटवलं. सोमवारी मणी ओवणं, मंगळवारी कागद फाडणं, बुधवारी ड्रॉपरने रंगीत पाणी, असे ८ प्रकार, रोज अर्धा तास. सहाव्या दिवशी बंद पडलं. श्रावण चालू, आईकडे ब्लाउजची रांग, ती रात्री ११ ला मला मेसेज करते की ताई आज मणी राहिले, सॉरी. म्हणजे मुलाचं ओझं कमी करायला गेले आणि आईच्या डोक्यावर अजून एक होमवर्क दिला.

मग कागद फाडून टाकला आणि आईला विचारलं, दिवसभरात घरात अशा कुठल्या तीन वेळा आहेत की जेव्हा कुणीतरी तसंही हाताने काम करत बसलेलं असतंच. उत्तर सोपं निघालं. सकाळी अंघोळ-फरशी, दुपारी आजींचं निवडणं-टिपणं, संध्याकाळी पोळ्या. ह्या तीन वेळांना ओम बाजूला बसेल, ५-७ मिनिटं, कंटाळला की उठेल. बास.

पहिले तीन आठवडे बोटांचं काम जवळजवळ नाहीच. ओल्या फडक्याने गुडघ्यावर बसून फरशी पुसणं, दोन्ही हात टेकवून. छोटी बादली अर्धी भरून कुंड्यांपर्यंत नेणं. ओला स्पंज बादलीत पिळणं. गच्चीच्या भिंतीवर पाण्याने रंगवणं, बाबांचा जुना ब्रश आणि तांब्याभर पाणी, पाणी वाळून जातं त्यामुळे चुकलं असं काही राहतच नाही आणि उभ्या भिंतीवर काम करताना मनगट आपोआप मागे वळतं, जे लिहिताना लागतं. ओमला हे इतकं आवडलं की एका रविवारी तो अख्खी दुपार भिंत रंगवत होता आणि खाली यायला तयार नाही.

संध्याकाळी कणकेचा गोळा. आधी नुसतं दाबणं, मग चिमटे काढणं, मग साप, मग सापाच्या गोळ्या, मग पोळपाटावर त्याची स्वतःची नकाशासारखी पोळी, ती तव्यावर भाजून त्यालाच द्यायची. आजी आधी हसल्या, "चार वर्साचं पोरगं ते, भाकरी थापायला लावतीस होय गं." मी म्हटलं हो आजी, थापूच द्या, तळहाताची वाटी होते ना भाकरी थापताना, तीच हवीये मला. त्या दिवसापासून आजी माझ्या बाजूला आल्या, आणि खरं सांगायचं तर ही केस आजींनी तडीस नेली.

मग हळूहळू बारीक कामं. मटार सोलणं, भुईमुगाच्या भाजलेल्या शेंगा फोडणं, मेथीची पानं खुडणं, लसणाच्या पाकळ्या मोकळ्या करणं, कपड्यांचे चिमटे दोरीला लावणं, चाळणीच्या भोकात खराट्याच्या काड्या घालणं. खडू दिला तो मोडून, अंगठ्याएवढा तुकडा. लांब खडू मुठीत मावतो, एवढासा तुकडा मुठीत धरताच येत नाही, बोटांतच धरावा लागतो, त्यामुळे "असं धर, तसं धर" हे बोलायचंच राहत नाही. घरात पेन्सिल धरण्याबद्दल एक शब्द काढायचा नाही ही माझी अट होती, आणि शाळेचा गृहपाठ ह्या काळात करायचा नाही हेही ठरलं.

हरभऱ्याचा प्रसंग

हे लिहायलाच हवं. चौथ्या आठवड्यात मी वाटीतले भिजवलेले हरभरे दुसऱ्या वाटीत उचलून टाकायचा खेळ दिला. आजी शेजारी होत्या, फोन आला म्हणून उठल्या, दोन मिनिटांत ओमने एक हरभरा नाकात घातला. आजींनी घाबरून बोटाने काढायला बघितलं तर तो आणखी आत गेला. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेऊन काढला, १० मिनिटांचं काम, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. ताट मी दिलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, बोट-चिमटा काही घालायचं नाही, सरळ घेऊन यायचं, कडधान्य ओलाव्याने फुगतं आणि अवघड होऊन बसतं.

त्यानंतर नियम असा की मटार, हरभरे, मणी, बटणं असलं काही असेल तर मोठं माणूस समोर हवं आणि फोन लांब हवा, उठायचं असेल तर ताट घेऊन उठायचं. तीन वर्षाखालच्या मुलांना तर असल्या बारीक वस्तू द्यायच्याच नाहीत, शेंगदाणे त्या वयात, आणि चार-पाच वर्षांच्या मुलांच्याही, घशात अडकू शकतात. आणि खेळण्यातले, रिमोटमधले बटणासारखे छोटे गोल सेल घरात कुठेही हाताशी नकोत, ते गिळले तर आतून भाजतं, तिथे तासाभराचा उशीरसुद्धा महागात पडतो.

उलट्या पिळाच्या फुलवाती

ह्या केसमधलं खरं वळण हे, आणि ते मला दिसलं नाही, आजींना दिसलं.

गणपती जवळ आले तशा आजी वाती करायला बसल्या. फुलवात करताना कापूस नीट पसरायचा, मध्ये गोळा करायचा आणि वरचं टोक अंगठा आणि दोन बोटांत धरून पिळायचं. मी बघत बसलेली आणि एकदम लक्षात आलं की हीच तर पेन्सिलची पकड आहे, अंगठा आणि दोन बोटं, आणि वर पीळ द्यायचाय म्हणजे बोटं आतल्या आत हलायला हवीत, हात नाही. ओमला कापूस दिला. पहिल्या दिवशी नुसते बोळे झाले. पाच-सहा दिवसांनी उभी राहील अशी एक वात झाली, ती देवापुढे लावली, तो तिच्यासमोर बसून राहिला विझेपर्यंत.

आठवड्याने आजी मला म्हणाल्या, "बाई, ह्याची वात उलटी पिळलीया बघ." मी बघितलं. आजींच्या सगळ्या वाती एका अंगाला पिळलेल्या, ओमच्या सगळ्या दुसऱ्या. उजव्या हाताने पिळलं तर पीळ एका दिशेला पडतो, डाव्याने दुसऱ्या. ओम डाव्या हाताने वाती करत होता.

मग सगळं आठवायला लागलं. भिंत रंगवताना ब्रश डाव्या हातात. शेंगा डाव्याने फोडायचा. पण खडू आणि पेन्सिल उजव्यात, कारण शाळेत आणि घरी दोन्हीकडे कुणीतरी प्रत्येक वेळी काढून उजव्या हातात देत होतं, "शहाणा ना तू, उजव्या हाताने". आजींनीही दिलं, आईनेही, आणि हो, मीही पहिल्या रविवारी खडू त्याच्या उजव्या हाताकडे सरकवला होता, सवयीने. १४ वर्षं शिकवून मी त्याच्या कमी सरावाच्या हाताची ताकद मोजत बसले होते.

आता निर्णय घ्यायचा होता. दोन आठवडे आम्ही काहीही न बोलता प्रत्येक वस्तू त्याच्या बरोबर समोर, मध्यावर ठेवायची आणि कुठला हात पुढे येतो त्याच्या काड्या कॅलेंडरवर मारायच्या असं ठरवलं, कारण काही मुलांचा हात पाच-सहा वर्षांपर्यंत पक्का ठरलेला नसतो आणि एका वातीवरून शिक्का मारायचा नव्हता. काड्या भरभरून डाव्याच्या निघाल्या. आजींना अडचण पूजेची आणि जेवणाची होती. त्यांच्याशी मी वाद घातला नाही, प्रसाद आणि जेवण उजव्या हाताने, बाकी सगळं त्याला वाटेल त्या हाताने, असं त्यांनीच सुचवलं आणि पाळलं. गणपतीला दुर्वा निवडून २१-२१ च्या जुड्या ओमने डाव्या हाताने केल्या, आणि आजींनी त्याच वाहिल्या.

शाळेत मात्र अर्धंच यश आलं. टीचर चांगल्या आहेत, ५० च्या आसपास मुलं आहेत वर्गात, त्यांनी डावा हात मान्य केला, पान अर्धं केलं, बेंचच्या डाव्या टोकाला बसवलं म्हणजे शेजाऱ्याचा कोपर लागत नाही. पण चार रेघांची वही बंद करता येणार नाही म्हणाल्या, पालकच मागतात. ते खोटं नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणात ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरून खेळातून शिकणं म्हटलंय, पण जूनमध्ये पालक बाकीच्या मुलांच्या वह्या बघून शाळा ठरवतात.

काय फरक पडला

दिवाळीपर्यंत साधारण १४ आठवडे झाले. ओम हातगाडीत खोलीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. कुडत्याची मोठी दोन बटणं लावतो, छोटी नाही. गोल पूर्ण जुळतो, अधिकचं चिन्ह येतं, चौकोनाचे कोपरे अजून गोल होतात आणि ते ह्या वयाला धरूनच आहे. खडू डाव्या हातात अंगठा आणि तीन बोटांनी धरतो, पुस्तकातल्यासारखा दोन बोटांनी नाही, पण बोटं मोकळी हलतात म्हणून मी त्याला हात लावलेला नाही. टेबलाखाली जाणं थांबलंय. दिवाळीच्या किल्ल्याला त्याने बाबांबरोबर दोन दिवस माती कालवली, पायऱ्या बोटाने कोरल्या, अळीव पेरलं, त्या दोन दिवसात त्याच्या हातांनी जेवढं काम केलं तेवढं माझ्या सगळ्या यादीत मिळून नव्हतं.

न जमलेलंही सांगते. इंग्रजी एस तो उलटा काढतो, ते ६-७ वर्षांपर्यंत मुलं काढतात, काळजी नाही. कात्री मात्र अजिबात जमत नाही. नंतर कळलं की साधी कात्री डाव्या हातात धरली की पाती एकमेकींपासून लांब ढकलली जातात, कागद चिमटला जातो कापला जात नाही, आणि कापायची रेघ वरच्या पात्याआड झाकली जाते. आम्ही दीड महिना त्याला चुकीची कात्री देऊन नीट काप म्हणत होतो. डावऱ्या मुलांची कात्री गावात दोन दुकानांत मिळाली नाही, ऑनलाइन मागवली. मोबाईल जेवताना अजून आहे, पण आता एक हात तरी स्वतः घास घेतो.

परत केलं तर काय वेगळं करेन

सगळ्यात आधी हात बघेन. पहिल्याच दिवशी, वस्तू मधोमध ठेवून, कुणीही हातात न देता. हे माझं सगळ्यात मोठं चुकलं आणि त्यात सहा आठवडे गेले.

डॉक्टरांकडे जाणं अट म्हणून सांगेन, सूचना म्हणून नाही. तारीख घ्या, जाऊन या, मग मी येते.

आईशी बोलायच्या आधी आजींशी बोलेन. मुलाचे हात दिवसाचे ८ तास ज्या माणसाजवळ असतात त्याला शेवटी कळवणं ह्याला काही अर्थ नव्हता. आणि आजींना काही शिकवायची गरजही पडली नाही, गव्हले, सांडगे, गजरा, वाती, रांगोळीची चिमूट, सगळं त्यांच्या बोटांत होतंच, फक्त ओमला शेजारी बसवायचं आणि सांडलं तर सांडू द्यायचं एवढंच ठरवायचं होतं.

हरभरे देणार नाही. त्याऐवजी चिंचेचे मोठे बुटूक, लिंबं, कापसाचे बोळे.

डाव्या हाताची कात्री परवा आली. आजींनी आधी स्वतः चालवून बघितली, त्यांना ती उलटी वाटली, ओमने वर्तमानपत्राची एक पट्टी वाकडी का होईना पण टोकापर्यंत कापली. आता डिसेंबरात डॉक्टरांची परत भेट आहे, त्याच्या आधी शाळेत टीचरना ही कात्री आणि वातींचे दोन ढीग दोन्ही नेऊन दाखवायचे असं आजींनीच ठरवलंय.